डावा कान

आईच्या ऑफिसमधल्या खणातल्या वस्तूंचा खोका तिच्या तेराव्यानंतर घरी आला. निवृत्त होताना तिने तो खण रिकामा केला नव्हता, "नेते सवडीने" म्हणाली होती. त्यात चष्म्याचं जुनं घर होतं, लवंगांची डबी, दोन रुमाल आणि श्रवणयंत्राच्या सेलचं एक पाकीट. बटणाएवढे सहा सेल मावतील अशा सहा खाचा. पाच भरलेल्या, एक रिकामी.

आमच्या घरात कुणालाच कमी ऐकू येत नव्हतं. आईला तर नाहीच. ती ऐकण्याचीच नोकरी करत होती.

शैलजा चौगुले, उगम पंप्स, तक्रार कक्ष, कोल्हापूर. बत्तीस वर्षं. बी.कॉम. झालेली, पंपाचं एकही पुस्तक न वाचलेली. तिथे फोन यायचे ते मोटार बिघडलेल्या शेतकऱ्यांचे. लहान असताना शाळा सुटली की मी तिच्या टेबलापाशी गृहपाठ करत बसायची, त्यामुळे ते फोन मला अजून पाठ आहेत. घरी ती माझ्याशी बोलायची तशी तिथे बोलायची नाही. तिथे ती फोनवरच्या माणसाची भाषा बोलायची.

"ताई, मोटार फिरतीया, पर पाणी निम्मंच येतंय. दुकानदार म्हणतोय नवीन टाका."

"थांबा ओ. शेवटचं चांगलं पाणी कधी आलं हुतं?"

एवढं विचारून ती गप्प बसायची. पुढचं काहीही सुचवायची नाही. पलीकडचा माणूस अवघडायचा, खाकरायचा, आणि मग बोलायला लागायचा.

"बुधवारी आलं हुतं की. बिस्तरवारी वायरमननं केबल बदलली, आन मग..."

"मग मोटार उलटी फिरत असंल. मेन बंद करून कुठल्याबी दोन वायरी अदलाबदल करायला सांगा त्याला. आन पाणी आलं की मला कळवा. तवर मी डबा उघडत नाही."

ती खरंच उघडायची नाही. पाणी आल्याचा फोन येईपर्यंत डबा तसाच. ही धमकी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. ताई उपाशी आहेत म्हणून माणसं धावत विहिरीवर जायची.

पंपाजवळ फोन धरायला लावून ती मोटारीचा आवाजही ऐकायची. गुणगुणून थांबली की मोटारीचा कपॅसिटर गेला. मध्येच फसफसली की विहीर खाली गेली. पण हे मी लिहिते आहे ते फार ढोबळ. तिला नेमकं काय ऐकू यायचं ते तिलाही सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "कळतं गं."

या "कळतं गं"साठीच कंपनीने ओंजळ आणली.

*

ओंजळ काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कारखान्यांतली, कार्यालयांतली बरीचशी कामं यंत्रं आधीच करत होती. अडत होतं ते जुन्या माणसांपाशी. त्यांना जे येतं ते त्यांनी कधी शब्दांत मांडलेलं नसतं. प्रश्नावली दिली की ती पुस्तकातली उत्तरं लिहितात, आणि टेबलावर बसून करतात भलतंच. संशोधकांना असं दिसलं, की माणूस आपलं हे मुकं ज्ञान बोलून दाखवतो ते एकाच परिस्थितीत: शेजारी बसलेल्या, थोड्याशा अडाणी, पण आपल्याला आवडणाऱ्या माणसाला समजावून सांगताना. तेव्हा तो आपल्याच हाताकडे नव्याने बघतो आणि म्हणतो, अरे, मी हे असं करतो होय!

म्हणून ओंजळीत नुसतं यंत्र नसतं, एक माणूसही असतो. त्याला सोबती म्हणतात. तो आठ-नऊ महिने शेजारी खुर्ची टाकून बसतो. टेबलावरचा छोटा कॅमेरा समोरच्याचा श्वास, आवाजाचा चढउतार, डोळ्यांच्या बाहुल्या मोजत राहतो. माणूस कधी खुलतो, कधी मिटतो, ते यंत्राला कळतं, आणि त्याप्रमाणे आता काय बोलावं ते यंत्र सोबत्याच्या कानात सांगतं. कानात वालाएवढी एक गोष्ट असते; ती कशासाठी आहे ते समोरच्याला सांगत नाहीत. आईच्या सोबत्याच्या ती डाव्या कानात होती.

त्याचं नाव मिलिंद आगटे. ठाण्याचा, छपन्न वर्षांचा, घटस्फोटित.

*

पहिल्या दिवसाची गोष्ट ऑफिसमध्ये अजून सांगतात. आगटे टॅब्लेट घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, माझा तुमच्या कामात काही अडथळा होणार नाही."

"झालाय की," आई म्हणाली. "तुमची खुर्ची माझ्या वाटेत आहे."

मग वाजणारा फोन तिने उचलून त्याच्या हातात दिला. पलीकडे कुणी तावातावाने सांगत होतं की मोटार 'बोंबलतीया'. आगटेने विचारलं, "म्हणजे साधारण किती डेसिबल?" स्टोअरचे जाधवकाका हसता हसता स्टुलावरून पडता पडता वाचले. नंतर आठवडाभर त्याला सगळे डेसिबलसाहेब म्हणत होते.

रविवारी आई मला फोनवर हे सगळं सांगायची. मी नाशिकला एका प्रकाशनात संपादनाचं काम करते. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत आईच्या रविवारच्या फोनात पहिल्यांदाच एक माणूस येत होता. आधी तक्रारी आल्या. आगटेंना चहा बिनसाखरेचा लागतो. आगटे पेन घेतात आणि परत देत नाहीत. मग आलं, "बिचाऱ्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही गं. यंत्र लावतात. बोलत नाहीत त्याबद्दल, पण मला दिसतं ना."

तिने टेबलाची मांडणी बदलली. बावीस वर्षं डाव्या कोपऱ्यात असलेला फोन उजवीकडे नेला, आणि आगटेची खुर्ची अशी ठेवली की त्याचा उजवा कान तिच्याकडे यावा. ती त्याच्याशी सावकाश, स्पष्ट आणि जरा मोठ्याने बोलायला लागली. प्रत्येक फोन झाला की पलीकडचा काय म्हणाला आणि आपण तसं का सांगितलं, हे ती त्याला पुन्हा सांगायची, कारण त्याला नीट ऐकू आलं नसेल. शहाण्या, सावध माझ्या आईने अख्ख्या आयुष्यात केलेली ही एकच चूक. तिने एका माणसाच्या कानात यंत्र पाहिलं आणि त्याला अधू समजली. ते कशासाठी आहे, हे विचारून त्याला लाजवायला नको म्हणून विचारलं नाही.

दिवाळीपर्यंत डबे दोन झाले होते. जाधवकाका म्हणायचे, "मॅडम, कॅन्टीनवाल्यानं तक्रार केलीय, डेसिबलसाहेब दिसत नाहीत." आई म्हणायची, "तुमचं स्टोअर बघा आधी."

जानेवारीत तिने मला विचारलं. सरळ नाही, तिच्या पद्धतीने. "आगटे म्हणत होते, निवृत्तीनंतर एकटं राहू नका. आता यावर काय बोलायचं?" आणि गप्प बसली.

मी म्हटलं, "आई, हो म्हण."

हे वाक्य माझं आहे. ते मला कुणी कानात सांगितलं नव्हतं.

*

मार्चअखेर आई निवृत्त झाली. एप्रिलमध्ये आगटे तीन शनिवार आला. एकदा मीही होते. पोहे खाल्ले, बाल्कनीतल्या मोगऱ्याचं कौतुक केलं, मला पुस्तकांबद्दल विचारलं. मे महिन्यात आला नाही. जूनमध्ये फोन थांबले. आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. सप्टेंबरमध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. ज्याचा देते तो वेगळा आहे.

नोव्हेंबरमध्ये उगम पंप्सचं पत्र आलं. तक्रार कक्षात आता ओंजळ बोलते, आणि ती आईच्या आवाजात बोलते. शेतकऱ्यांना तो आवाज विश्वासाचा वाटतो. पण कायद्याप्रमाणे माणूस गेल्यावर त्याचा आवाज वापरायचा तर वारसाची लेखी संमती लागते, नव्वद दिवसांच्या आत. नाहीतर कंपनीला दुसरा, कुणाचाच नसलेला आवाज बसवावा लागेल. संमती देण्याआधी आवाज ज्यातून घडवला ते सगळं मूळ साहित्य पाहण्याचा वारसाला हक्क असतो. सोबत त्याची किल्ली जोडली होती.

मी आधी तक्रार कक्षाचा नंबर लावला.

"उगम पंप्स. बोला."

सावकाश. स्पष्ट. जरा मोठ्याने.

हा तिचा फोनवरचा आवाज नव्हता. फोनवर ती भरभर बोलायची, शब्द खायची. हा तिचा आगटेशी बोलायचा आवाज होता. यंत्राने तोच शिकून घेतला होता, कारण आठ महिने तिच्या तोंडून त्याने तोच सर्वात जास्त ऐकला. एका माणसाला ऐकू यावं म्हणून, त्याला कमीपणा वाटू नये म्हणून, तिने जपून काढलेला आवाज आता सांगली, सातारा, सोलापूर, बेळगावात दिवसाला चार-चारशे माणसांना वायरी बदलायला सांगत होता.

"शेवटचं चांगलं पाणी कधी आलं हुतं?" तिने विचारलं.

मी फोन ठेवला.

*

मूळ साहित्यात एकशे बासष्ट बैठका होत्या. प्रत्येकीचा आवाज आणि शेजारी छापील संवाद. त्या संवादातला एक रकाना काढायला कंपनी विसरली होती, किंवा त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिथे कुणाला वाटलंच नव्हतं. आगटेची काही वाक्यं काळी होती, काही हिरवी. खाली बारीक अक्षरात खुलासा होता: हिरवी वाक्यं यंत्राने सुचवलेली.

माझा धंदाच दुसऱ्यांनी केलेल्या खुणा वाचण्याचा आहे. मी बारा दिवस रजा घेऊन सगळं वाचलं.

"तुमच्या हातची भाकरी खाल्ली की आमच्या आईची आठवण होते." हिरवं. बाजूला शेरा: व्यक्तीचा आवाज मऊ झाला, आता कामाचा प्रश्न विचारा. आणि लगेच, "मॅडम, त्या गडहिंग्लजच्या माणसाचा आवाज ऐकून तुम्हाला बेअरिंगच कसं सुचलं?" हेही हिरवं. आणि आई सांगते आहे. सव्वा पान सांगते आहे. आपल्याला काय ऐकू येतं ते जन्मात पहिल्यांदा शब्दांत सांगते आहे, आणि मध्येच थांबून हसते, "अगंबाई, मला हे माहीतच नव्हतं."

"मिस्टर गेल्यावर तुम्ही कसं निभावलंत?" हिरवं. शेरा: दुःखाच्या उल्लेखानंतर स्पष्टीकरणांची लांबी दुप्पट.

माझे बाबा. लांबी दुप्पट.

"निवृत्तीनंतर एकटं राहू नका." हिरवं. शेरा: प्रकल्पाचे शेवटचे दोन महिने, व्यक्तीचा उत्साह टिकवणे आवश्यक.

काळी वाक्यं कमी होती आणि अगदी सामान्य होती. पेन देता का? पंखा कमी करू? आज मेथी आहे वाटतं.

बैठक एकशे एकोणचाळीस, फेब्रुवारीचा मध्य. इथून पुढे हिरवं एकही वाक्य नाही. मी आवाज लावून ऐकलं. आई विचारते, "काय ओ आगटे, आज यंत्र नाही लावलं?"

मग आगटे म्हणतो, "बॅटरी संपली."

काळं वाक्य. पूर्णपणे त्याचं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीच्या सुरुवातीला कागदाची कुरकुर ऐकू येते. आई म्हणते, "राजारामपुरीतल्या दुकानातनं आणलेत. कुठला नंबर लागतो माहीत नव्हतं, हा सगळ्यांत जास्त खपतो म्हणाला. घ्या एक, लावून बघा."

"थँक्यू," आगटे म्हणतो. पण यंत्र तो पुन्हा लावत नाही; हिरवं वाक्य परत येतच नाही.

आता शेवटची बैठक. तीस मार्च. संवादाच्या कागदावर तिथे फक्त लिहिलंय: व्यक्ती जागेवरून उठली. पण आवाजात ऐकू येतं. आईची खुर्ची सरकते. ती उठून आगटेच्या पाठीमागून डाव्या बाजूला जाते. आणि अगदी हळू, घरी मला झोपेतून उठवताना बोलायची तसं, म्हणते, "आगटे, चहा निवतोय."

कप बशीवरून उचलल्याचा आवाज.

मग शांतता. मी मोजली. एकोणीस सेकंद. फोनवर समोरच्याने बोलावं म्हणून ती जशी थांबायची तशी ती थांबली होती. एकोणीस सेकंद त्याला सांगायला मोकळे होते.

आगटे चहा प्यायला.

आई उजवीकडे परत आली, खुर्चीत बसली आणि सावकाश, स्पष्ट, जरा मोठ्याने म्हणाली, "हं. तर काल त्या मुरगूडच्या माणसाचं काय झालं ते सांगते." आणि बैठक संपेपर्यंत त्याच आवाजात सांगत राहिली.

*

संमतीची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना कंपनीने आगटेला माझ्याकडे पाठवलं. मी कोल्हापूरच्याच घरात होते. दार उघडल्यावर मी आधी त्याचा डावा कान पाहिला. कानात काही नव्हतं.

"केतकी, फार वाईट झालं," तो म्हणाला.

"बसा."

तो आईच्या खुर्चीत बसणार होता. मी म्हटलं, "तिथे नको." तो स्टुलावर बसला.

"मला कंपनीने पाठवलंय, हे आधीच सांगतो. पण मला यायचंही होतं." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "त्या आवाजामुळे माणसं ऐकतात गं. परवा एकाने ओल्या हाताने स्टार्टर उघडला होता. यंत्राने थांब म्हटलं आणि तो थांबला. ताईंचा आवाज होता म्हणून थांबला. दुसऱ्या कुणाचा असता तर..."

"मग माणूस बसवा तिथे. शिकवून तयार करा."

"कोण शिकवणार?"

"तुम्ही. तुम्हाला तिने एकशे बासष्ट वेळा शिकवलंय."

कडेवरचं त्याचं बोट थांबलं.

"सध्या कुठे असता?" मी विचारलं.

"पिंपळगावला. द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. तिथे एक बाई आहेत, नुसत्या हाताने घड उचलून कुठला टिकेल ते..." तो थांबला.

"त्यांचे मिस्टर आहेत?"

त्याचा चेहरा उतरला. "तू रकाना पाहिलास."

"मी सगळं पाहिलं."

"मग हेही पाहिलं असशील, की फेब्रुवारीपासून मी ते काढून ठेवलं होतं. वरिष्ठांनी मेमो दिला मला त्याबद्दल. मला ते नको होतं, केतकी. मला तिच्याशी नुसतं बोलायचं होतं. ते शेवटचे दीड महिने माझे होते."

"आणि बॅटरी?"

"काय सांगणार होतो? सहा महिने झाले होते. सांगितलं असतं तर तिने मला दारात उभं केलं नसतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. मे महिन्यात एकदा रंकाळ्यापर्यंत आलो आणि परत गेलो. माझ्याकडे बोलायला वाक्य नव्हतं." मला त्याची कीव आली नाही. यायला हवी होती कदाचित. आईला आली असती, तिला तर तो बहिरा आहे म्हणूनही आली होती.

मी आत जाऊन दोन गोष्टी आणल्या. एक, नकाराचा भरलेला अर्ज, सहीसकट. तो मी त्याच्या समोर ठेवला. त्याने वाचला आणि मान हलवली, जणू ठाऊकच होतं. दुसरं, सेलचं पाकीट.

"हे तुमचं आहे," मी म्हटलं.

त्याने ते ओळखलं. हात लावला नाही. बराच वेळ त्या रिकाम्या खाचेकडे बघत राहिला.

"मला एकच सांग," तो म्हणाला. "मग मी जातो. तिला कळलं होतं का?"

माझ्याकडे उत्तर होतं. तारखेसह होतं, सेकंदांसह होतं. ते त्याला दिलं असतं तर त्याने ते जन्मभर जवळ बाळगलं असतं, आणि त्यात एक कोपरा असा असता, की तिला कळलं होतं, तरी ती त्याच्याशी त्याच आवाजात बोलत राहिली. एवढं मोठं काही मी त्याला देणार नव्हते.

मी उठले आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"आगटे," मी हळू विचारलं, "शेवटचं खरं कधी बोलला होतात?"

आणि गप्प बसले. आईने शिकवलं होतं तशी. पुढचं काही सुचवलं नाही.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आगटेने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मी सेकंद मोजत होते. एकोणिसाव्याला त्याचा हात वर गेला आणि डाव्या कानाला लागला, जिथे काहीच नव्हतं.